कॅम्पातला पोलीस आणि कॅम्पातला आगवाला

आमच्या कॅम्पात पोलीस एकच होता आणि आगवालाही एकच, आणि दोघंही माझे अब्बा होते. पोलीस म्हणजे खरा सरकारी पोलीस नव्हे हो. पोटासाठी परमुलखात आलेल्या माणसाला ती वर्दी कोण देतो? उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवणारी एक कंपनी होती, तिच्या कामगारांचा कॅम्प फॅक्टरीला लागूनच होता, आणि त्या कॅम्पाच्या फाटकावर अब्बा सिक्युरिटी इन-चार्ज होते. रत्नागिरीत असताना थोडे दिवस होमगार्डात परेड केलेली, तेवढ्या भांडवलावर ते स्वतःला जन्मभर पोलीसखात्यातला माणूस समजत आले. कॅम्पातले लोक त्यांना तोंडावर ‘पोलीसचाचा’ म्हणायचे आणि पाठीमागे जे म्हणायचे ते मी इथे लिहीत नाही, जरी ते अगदी बरोबर होतं. पुढे फायर सेफ्टी बघणारा केरळचा माणूस दुबईत चांगली नोकरी मिळून निघून गेला, तेव्हा नवा माणूस घ्यायचा खर्च वाचावा म्हणून मॅनेजरने अब्बांना विचारलं, तुम्हीच बघाल का तेही? त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत अब्बांची मान हलली होती. शारजात कुठेतरी दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, आणि अब्बा एक सर्टिफिकेट, एक लाल हेल्मेट आणि गुडघ्याखाली लोंबणारा जाड कोट घेऊन परत आले. पगार होता तोच राहिला. त्याबद्दल अब्बांनी चकार शब्द काढला नाही, कारण एका माणसाला दोन हुद्दे मिळाले होते आणि आमच्या अख्ख्या खानदानात तोवर कुणाला धड एकही मिळाला नव्हता.

आमचं क्वार्टर कॅम्पाच्या भिंतीबाहेर, मागच्या अंगाला होतं. फॅमिलीवाल्या स्टाफसाठी कंपनीने तिथे एक चाळवजा रांग बांधली होती. दोन खोल्या, पुढे ओट्याएवढी जागा, आणि रात्रंदिवस घरघरणारा खिडकीतला एसी. त्याच्या पाण्याखाली अम्मी बादली ठेवायची आणि ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला घालायची. सकाळपासून फॅक्टरीतले ग्राइंडर किंचाळत असायचे, त्यांना मध्येच अजान थांबवायची, आणि वाऱ्याचा रोख फिरला की केमिकलचा गोडसर वास थेट भाताच्या पातेल्यापर्यंत यायचा. अम्मी म्हणायची, या वासाने सांदणंसुद्धा फुगत नाहीत. पण फुगायची. तिच्या हातची सांदणं आणि सुरमईचं सालन यासाठी कॅम्पातली कोकणातली माणसं जीव टाकायची, आणि शुक्रवारी कुणी ना कुणी डबा घेऊन मागच्या फाटकाच्या जाळीपाशी उभा असायचा. फाटक उघडत नसे, म्हणून अम्मी भाकऱ्यांची गुंडाळी जाळीतून आत सरकवायची. सालनाला मात्र अख्खा वळसा घालून पुढच्या गेटवर जावं लागायचं, आणि तिथे अब्बा झाकण उघडून आत बघायचे. स्वतःच्या घरचं सालन! सकाळी तेच खाऊन ड्युटीवर गेलेला माणूस, दुपारी ते संशयाने हुंगायचा.

गेटवरच्या केबिनमध्ये दोन खुंट्या होत्या. एकीवर निळा शर्ट-पँट, तिच्या पट्ट्याला चाव्यांचा जुडगा. दुसरीवर लाल हेल्मेट आणि तो कोट. अब्बांचा कपड्याबरोबर आवाजही बदलायचा, हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. निळ्यात असले की ‘ए, इधर आ, पास दिखा’, आणि लाल हेल्मेट चढवलं की ‘भाईयो, आपकी जान हमारी जिम्मेदारी है’. महिन्यातून एकदा सगळ्यांना उन्हात उभं करून ते आग लागल्यावर काय करायचं याचं भाषण द्यायचे, आणि भाषण संपलं की केबिनमध्ये जाऊन कपडे बदलून यायचे आणि भाषणाला कोण आलं नाही त्याची चौकशी करायचे. लोक तोंड दाबून हसायचे. अम्मी हसायची नाही, तिला दोन्ही वर्द्यांना इस्त्री करावी लागायची.

आता त्या मागच्या फाटकाचं सांगते. कॅम्प लांबट होता. पुढे मेन गेट, मग ऑफिस आणि मेसचं किचन, आणि त्यामागे खोल्यांच्या दोन रांगा, मधून एक अरुंद गल्ली. त्या गल्लीच्या टोकाला हे लोखंडी जाळीचं फाटक. पुढे काही झालं तर मागून बाहेर पडायचं, यासाठीच ते होतं. अब्बांनी आगवाला झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर स्वतः ब्रश घेऊन त्या फाटकावर लाल रंगात हिंदी, उर्दू आणि इंग्रजीत लिहिलं, की आग लागल्यास येथून बाहेर पडा. बाण काढला. अक्षर सुरेख होतं, नाही म्हणणार नाही. आणि रंग वाळल्यावर दुसऱ्या दिवशी निळ्या कपड्यांत येऊन त्याच फाटकाला साखळी घालून कुलूप ठोकलं, कारण तिथून पोरं बकाल्यात, म्हणजे बाहेरच्या किराणा दुकानात, सिगारेटी आणायला पळतात आणि मासळीवाले आत येतात, अशी मॅनेजरची तक्रार होती. सरकारी तपासणी असली की आदल्या दिवशी साखळी निघायची, तपासणीवाल्यांची गाडी वळली की परत लागायची. एकदा माझ्या मामूने विचारलं होतं, की दुलाभाई, आग लागली तर? अब्बा म्हणाले, मी आहे ना, मी उघडेन. मामूने विचारलं, तुम्ही त्या वेळी कुठे असाल? अब्बांना हा प्रश्न उद्धटपणाचा वाटला.

हे लिहिताना मी अबुधाबीत बाराव्या मजल्यावर बसलेय. माझी पन्नाशी जवळ आली, पण अजून कुठल्याही मॉलमध्ये, हॉस्पिटलात, लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की मी आधी मागचा दरवाजा ढकलून बघते. माझा मुलगा ओशाळतो. ‘मॉम, इट्स जस्ट अ डोअर, यल्ला,’ म्हणतो आणि माझा हात धरून ओढतो. त्याला काय सांगायचं? त्याचे नाना त्याला फक्त फोटोत माहीत आहेत, त्या लाल हेल्मेटातल्या फोटोत, आणि त्याला वाटतं ते हिरो होते. फोटोत सगळेच हिरो दिसतात.

मामू म्हणजे सलीममामू, अम्मीचा धाकटा भाऊ. अम्मीने त्याला मांडीवर खेळवून मोठा केलेला. अम्मीने वर्षानुवर्षं अब्बांच्या मागे लागून लागून त्याला या कंपनीत चिकटवला होता, आणि अब्बा ते दर जेवणाला एकदा तरी बोलून दाखवायचे. मामू मोल्डिंगमध्ये होता, अंगाला सतत फायबरची कुसं टोचलेली, हात खाजवत बसायचा. गावाकडे बायको आणि तीन मुली, आणि घरात कमावता हा एकटाच. त्याला कसली हाव नव्हती. एवढंच, की इथून हलायचं नाही, मुली मार्गी लागेपर्यंत कॅम्पात दिवस काढायचे. शुक्रवारी जुम्म्यानंतर तो आमच्याकडे जेवायला यायचा, पण त्या शुक्रवारी अम्मीला ताप होता म्हणून तो मेसमध्येच जेवला आणि खोलीत जाऊन आडवा झाला.

मेसच्या किचनमध्ये सिलिंडरची नळी पेटली. असं नंतर कळलं. आम्हाला आधी ऐकू आली ती घंटा, आणि अम्मी तापातून उठून म्हणाली की आज भाषण आहे का गं? मग धूर दिसला. काळा, जाड, भिंतीवरून आमच्या अंगावर येणारा. आम्ही दोघी अनवाणी धावलो आणि मागच्या फाटकापाशी पोचलो तर जाळीच्या आत माणसंच माणसं. पुढची वाट धुराने बंद झालेली, म्हणून सगळे झोपेतून उठून इकडे आलेले, बनियनवर, लुंगीवर, काहींनी टॉवेल तोंडाला बांधलेले. मामू अगदी पुढे होता, जाळीला धरून. अम्मीने त्याची बोटं बाहेरून धरली आणि ती सोडेना.

आता अब्बा काय करत होते ते ऐका, आणि हे मी कुणा तिसऱ्याकडून ऐकलेलं नाही, हे त्यांनीच पुढे मोठ्या अभिमानाने पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. घंटा वाजल्यावर ते निळ्या कपड्यांत मेन गेटवर होते. सिक्युरिटीचा नियम असा, की गडबड झाली की आधी गेट बंद, बाहेरचा माणूस आत नको. त्यांनी गेट बंद केलं. मग फायरचा नियम असा, की आगीवर जाताना पूर्ण फायर ड्रेस हवा. ते केबिनमध्ये गेले, निळी पँट उतरवली, पट्ट्यासकट खुंटीला नीट टांगली, आत घालायची विजार घातली, कोट घातला, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला, आणि बाहेरून भिंतीला वळसा घालून मागच्या फाटकाशी धावत आले. हात वर करून ओरडले, ‘भाईयो, घबराओ मत, मैं आ गया!’ मग कुलूप धरलं आणि कमरेला हात घातला. चाव्या निळ्या पँटला होत्या.

तो हात मला अजून दिसतो, त्या जाड कोटावर इकडून तिकडे चाचपडणारा. आतली माणसं ओरडायची थांबली. त्यांना क्षणभर वाटलं असेल की हा आता काढेल, आता काढेल. अम्मी ओरडली, ‘चावी कुठाय?’ आणि अब्बा तिला म्हणाले, ‘सिक्युरिटीकडे आहे.’ असं म्हणाले, माझ्यादेखत, आणि परत वळसा घालून पळाले.

सिक्युरिटी येईपर्यंत कोण थांबतो? मामूने मागे वळून हाक दिली, दोघा-तिघांनी पहिल्या खोलीतली लोखंडी खाट ओढत आणली, आणि तिची कड धरून त्यांनी फाटकावर धडका मारायला सुरुवात केली. आम्हाला त्याने बाजूला व्हायला सांगितलं. साखळी तुटली नाही, कुलूपही तुटलं नाही. अब्बांनी माल चांगला आणला होता. पण बिजागऱ्या तुटल्या, फाटक लाल अक्षरांसकट जमिनीवर पडलं आणि त्या अक्षरांवरून पाय देत सगळी माणसं बाहेर आली. खोकत, शिव्या देत, काही रडत. कुणी मेलं नाही. शेवटी मामू आला, खांद्यावर मेसचा म्हातारा स्वयंपाकी घेऊन, आणि त्याच्या दंडाची कातडी सोलली होती. अम्मीने ओढणी फाडून बांधली. तेवढ्यात खरे बंब आले, खऱ्या माणसांनी आग विझवली, आणि अब्बा त्यांच्यामागे हेल्मेट घालून फिरले.

विझल्यावर अब्बा सगळ्यांच्या समोर मामूपाशी आले. त्याच्या पाठीवर थाप मारली. कुणीतरी फोटो काढत होतं, तिकडे बघून त्यांनी मामूचा हात वर उचलला, आणि म्हणाले, ‘याला म्हणतात ट्रेनिंग. शाबास, सलीम. तू आज माझं नाव राखलंस.’ लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. भाबडी माणसं, जीव वाचल्याच्या आनंदात कशालाही टाळ्या वाजवतात. मग अब्बा गेले. सूर्य उतरायच्या आत परत आले ते निळ्या कपड्यांत, चाव्या कमरेला, आणि पडलेल्या फाटकापाशी उभे राहून त्यांनी विचारलं, ‘हे कोणी तोडलं?’ सगळे हसले. पोलीसचाचा मस्करी करतायत असं वाटलं त्यांना. मला वाटलं नाही, मी त्यांची मुलगी होते. मामूनेही हसतच हात वर केला, ‘मीच, दुलाभाई, आताच तर शाबासकी दिलीत.’ अब्बा म्हणाले, ‘ती फायरने दिली. ही कंपनीची प्रॉपर्टी आहे. उद्या ऑफिसात ये.’

मॅनेजर काही मूर्ख नव्हता, तो अब्बांपेक्षा वाईट होता. त्याला पक्कं कळत होतं की फाटकाला कुलूप का होतं हा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर त्याच्याच दारात येणार. अब्बांनी त्याचं काम फुकटात सोपं करून दिलं. आधी फायर इन-चार्ज म्हणून सांगितलं, की सगळी माणसं मागच्या मार्गाने सुखरूप बाहेर काढण्यात आली. मग सिक्युरिटी इन-चार्ज म्हणून सांगितलं, की एका कामगाराने फाटक तोडलं, त्याने ते कबूल केलंय. कुलपाचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरानेच पंचनामा केला. मामूचा व्हिसा कॅन्सल झाला, वर बॅन, म्हणजे पुन्हा यायचीही सोय नाही. खलास. ज्या माणसांना त्याने बाहेर काढलं होतं ती माणसं आमच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायची. प्रत्येकाला आपापला व्हिसा होता. त्यांना मी दोष देत नाही, पण त्यांचा आदरही करत नाही.

व्हिसा कॅन्सल झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी अम्मीने अब्बांना जेवण वाढलं नाही, समोर बसून बोलली. माझ्या आठवणीत ती एवढं सलग पहिल्यांदाच बोलली. ती म्हणाली, की मॅनेजरकडे जा, एकच वाक्य बोला, कुलूप मी लावलं होतं. तुम्हाला काढणार नाहीत, तुमच्यासारखा दुसरा कुठे मिळणार त्यांना? माझ्या भावाच्या पोरी आहेत हो. अब्बा पायमोजे काढत होते.

‘सिक्युरिटीच्या ड्युटीत नातं बघत नाहीत,’ ते म्हणाले.

‘आणि फायरच्या?’

‘फायरमध्ये मी त्याला शाबासकी दिली ना. सगळ्यांसमोर दिली. अजून काय करायला हवं?’

ते रागावून म्हणाले असते तर एक वेळ चाललं असतं. ते समजावून सांगत होते, आणि त्यांना खरोखर वाटत होतं की त्यांनी दोन्हीकडे न्याय केला. लाचार माणूस मी समजू शकते; घाबरलेला माणूसही समजू शकते. पण हा माणूस खूश होता, आणि त्याची मला आजही किळस येते. आईबापाबद्दल असं लिहू नये म्हणतात. बरं, नका लिहू तुम्ही.

अम्मीने पुढे वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी बुरखा चढवून ती एकटी ऑफिसात गेली. फॅमिलीला वर्षातून एकदा कंपनी गावचं तिकीट द्यायची, ते तिने मागून घेतलं, मामू ज्या विमानाने जाणार होता त्याचंच. मला म्हणाली, तुझी परीक्षा होईपर्यंत राहा, नंतर तुला वाटेल तसं कर. मी रडले. ती म्हणाली, रडू नको, सालन शिकून घे.

कॅम्पात एक रीत होती. कॅन्सल झालेला माणूस एअरपोर्टला निघाला की सिक्युरिटीने गेटवर त्याची बॅग उघडून बघायची, कंपनीची काही वस्तू चाललीय का म्हणून. दुपारची वेळ होती, पिकअप सुरू होती, निम्मा कॅम्प लांब उभा राहून बघत होता. अब्बा निळ्या कपड्यांत आले. मामूने बॅग जमिनीवर ठेवली आणि स्वतःच चेन उघडली. अब्बांनी आतले कपडे उलटेपालटे केले, मुलींसाठी घेतलेले तीन सारखे फ्रॉक झटकून बघितले, दुधाच्या पावडरचा डबा हलवून बघितला, आणि म्हणाले ठीक आहे. मामू जाता जाता त्यांच्या गळ्यात पडला, आपल्यात पडतात तसा, आणि म्हणाला, बोलण्याचालण्यात काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा, दुलाभाई. अब्बांनी माफ केलं.

मग अम्मी पुढे आली आणि तिने आपली बॅग मामूच्या बॅगेशेजारी ठेवली. अब्बा म्हणाले, हे काय, कुठे? त्यांना काहीच माहीत नव्हतं, घरात तिने सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. सगळे बघत होते. मॅनेजरही ऑफिसच्या दारात येऊन उभा होता. अब्बांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा अम्मीकडे. मला शपथेवर विचाराल तर त्या क्षणी मला आशा होती, की हा माणूस आता ती बॅग उचलेल आणि घरी घेऊन जाईल. एवढंच करायचं होतं.

अम्मी म्हणाली, ‘बघून घ्या. नीट बघून घ्या. मागून म्हणाल, काही घेऊन गेली.’

अब्बा खाली बसले, बॅगेची चेन उघडली आणि त्यांनी नीट बघून घेतलं.